न सुटणारा ब्रेक

ब्रेक म्हणजे गाडी थांबविणारें साधन. तो लागला कीं त्याची परीक्षा संपली, अशी बहुतेक वाहनमालकांची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. ब्रेकचें काम दुहेरी आहे. पाय पेडलवर पडतांच त्यानें चाक धरलें पाहिजे, आणि पाय उचलतांच तें तितक्याच तत्परतेनें मोकळें सोडलेंही पाहिजे. पहिल्या कामांत कसूर झाली तर चालकाला तें तत्क्षणीं कळतें. दुसऱ्या कामांत कसूर झाली तर कित्येक दिवस पत्ताही लागत नाहीं. गाडी चालते, थांबते, थोडें इंधन अधिक खाते, एवढेंच. परंतु जो ब्रेक सुटत नाहीं तो तापतो. तापलेल्या ब्रेकमधील द्रव एके दिवशीं उकळूं लागतो. आणि द्रव उकळला म्हणजे तोच ब्रेक नेमका गरजेच्या वेळीं लागेनासा होतो. न सुटणारा ब्रेक हा अशा रीतीनें अखेर न लागणारा ब्रेक ठरतो. या दोषाचें मूळ पुष्कळदां चाकाजवळच्या ज्या लहानशा भागांत असतें त्याला कॅलिपर म्हणतात. हा भाग काय करतो, तो कां अडकतो, आणि घरच्या घरीं तो बदलावयाचा असेल तर कोणती दक्षता घ्यावी, हें समजून घेणें प्रत्येक वाहनमालकाच्या हिताचें आहे.

हा दोष कोणत्याही मोटारींत संभवतो. पण ओझें वाहणाऱ्या पिकअप गाडींत त्याचा परिणाम अधिक गंभीर होतो. पिकअप ही मूळची अमेरिकेंतील शेतकऱ्याची गाडी. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या 'मॉडेल टी' गाडीला मागें उघडा हौदा जोडून ती कारखान्यांतूनच तयार विकण्यास आरंभ केला. आज अमेरिकेंत ही गाडी शेतावर जितकी दिसते तितकीच शहरी घराच्या दारांतही दिसते. कारागिराची मजुरी महाग, सुटे भाग आणि हत्यारें मात्र सहज मिळणारीं, यामुळें सुटीच्या दिवशीं घराच्या गॅरेजमध्यें आपल्या हातांनीं दुरुस्ती करण्याची चाल तेथें जुनी आहे. उत्तरेकडील ज्या राज्यांत हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, तेथें गंजानें अडकलेला कॅलिपर ही नित्याची तक्रार असते. महाराष्ट्रांत बर्फ नाहीं. परंतु कोंकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला काहीं कमी छळत नाहींत. भाजीपाला, दूध, आंबा, बांधकामाचें सामान वाहणाऱ्या येथील लहान पिकअप गाड्यांना बहुधा पुढें चकतीचे आणि मागें ड्रमचे ब्रेक असतात. आणि पुढच्या चकतीवरचा कॅलिपर तेथेंही याच रीतीनें अडकतो.

या यंत्राचें तत्त्व जुनें आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल यानें मांडला. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. चालकानें पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडर नांवाच्या नळकांड्यांतील लहान दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो. तो दाब बारीक नळ्यांतून चाकाशीं असलेल्या मोठ्या दट्ट्यापर्यंत जातो. लहान दट्ट्याचें क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचें २५ असेल, तर बळ पांचपट होतें. माणसाच्या एका पायानें कित्येक मण वजनाची गाडी थांबते ती या युक्तीमुळें. चकतीच्या ब्रेकचें पेटंट इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच घेतलें होतें. परंतु त्याची खरी ख्याति १९५३ सालीं झाली. त्या वर्षीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत चकतीचे ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीनें पहिला क्रमांक पटकावला. त्यानंतर हा ब्रेक हळूहळू नेहमींच्या गाड्यांत आला.

कॅलिपरची रचना ध्यानांत येण्यास स्वयंपाकघरांतील सांडशीचें उदाहरण पुरेसें आहे. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरत असते. तिच्या कडेवर सांडशीसारखा बसलेला, पण स्वतः न फिरणारा भाग तो कॅलिपर. त्याच्या दोन जबड्यांत, चकतीच्या दोन्ही अंगांना, घर्षण करणारे दोन पॅड असतात. दट्ट्या मात्र बहुतेक गाड्यांत आंतल्या बाजूसच असतो. कांहीं वजनदार गाड्यांत एकाऐवजीं दोन असतात. दाब येतांच दट्ट्या आंतला पॅड चकतीवर रेटतो, आणि त्या रेट्याच्या प्रतिक्रियेनें सबंध कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवरून सरकून बाहेरचा पॅडही चकतीवर ओढून आणतो. म्हणजे चकती दोन्ही बाजूंनीं सारखी धरली जावी यासाठीं दोन गोष्टी मोकळ्या असल्या पाहिजेत : दट्ट्या आपल्या नळकांड्यांत, आणि कॅलिपर आपल्या पिनांवर.

आतां सुटण्याची क्रिया पाहावी. दट्ट्याला मागें ओढणारी स्प्रिंग येथें नसते. दट्ट्याभोंवतीं चौकोनी छेदाचें एक रबरी कडें असतें. त्यालाच सील म्हणतात. दट्ट्या पुढें जातांना हें सील त्याला चिकटून किंचित् पिळवटतें. दाब नाहींसा झाला कीं रबर आपल्या मूळ आकारावर येतें आणि येतांना दट्ट्याला केंसभर मागें घेतें. तेवढ्यानेंच पॅड मोकळा होतो. ही माघार एका मिलिमीटरच्याही अंशाइतकी असते. तेव्हां जेथें सर्व सुटका इतक्या सूक्ष्म अंतरावर अवलंबून आहे, तेथें थोडासा गंज किंवा थोडी घाणही यंत्राला अडवूं शकते, यांत नवल नाहीं.

दट्ट्याच्या तोंडाशीं धूळ-पाणी अडविणारी एक रबरी टोपी असते. ती उन्हानें, उष्णतेनें किंवा वयानें फाटली कीं पाणी आंत शिरतें, पोलादी दट्ट्याच्या झिलईखालीं गंज चढतो आणि रबराच्या लवचिकपणाला तो गंज आवरत नाहीं. दुसरें कारण पिनांचें. त्यांवरचें ग्रीस वाळलें किंवा चुकीच्या ग्रीसनें रबर फुगलें, तर कॅलिपर सरकत नाहीं. तिसरें कारण पॅडच्या कानांचें. ज्या बैठकींत ते सरकतात तेथें गंजाचे पापुद्रे चढले म्हणजे पॅड पाचरीसारखा अडकतो. चौथें कारण पुष्कळांना ठाऊक नसतें. कॅलिपरपर्यंत येणारी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी आंतून तिचा थर सुटतो आणि झडपेसारखा वागूं लागतो. पायाच्या जोरानें द्रव पुढें जातो. परत येण्याइतका जोर मात्र त्याच्यापाशीं नसतो. अशा वेळीं कॅलिपर निर्दोष असूनही ब्रेक धरून राहतो, आणि नवा कॅलिपर बसविला तरी दोष जसाच्या तसा राहतो.

धरून राहिलेला ब्रेक किती तापतो याचा अंदाज थोड्या गणितानें येईल. अडीच हजार किलोग्रॅम वजनाची पिकअप तासाला ६० किलोमीटर वेगानें धांवत असतांना तिच्या अंगीं सुमारें ३४७ किलोज्यूल शक्ति असते. गाडी एकदां पूर्ण थांबविली कीं बहुतेक सर्व शक्ति उष्णतेच्या रूपानें ब्रेकमध्यें उतरते. ती उष्णता एक लिटरहून अधिक पाणी ३० अंशांवरून उकळण्याच्या बिंदूला नेण्यास पुरेशी आहे. आतां लोणावळ्याहून खोपोलीस उतरण्याचा विचार करावा. तेथें गाडी ५०० मीटरांहून अधिक खालीं येते. तेवढ्या उतारांत त्याच गाडीची जी शक्ति मोकळी होते ती वर सांगितलेल्या प्रकारें ३५ वेळां गाडी थांबविण्याइतकी आहे. तिचा कांहीं भाग हवेचा विरोध घेतो, कांहीं भाग खालच्या गिअरमध्यें इंजिन घेतें. उरलेला भाग ब्रेकनीं सोसावयाचा असतो. निरोगी ब्रेकला दोन दाबांमधील अवकाशांत वारा मिळतो आणि तो निवतो. अडकलेल्या ब्रेकला हा अवकाशच मिळत नाहीं; घाट लागण्यापूर्वीं सपाटीवरच तो तापून बसलेला असतो.

खरा धोका येथून पुढें आहे. सर्वसाधारण ब्रेक ऑइल हें खनिज तेल नव्हे. तो ग्लायकोल जातीचा द्रव असून हवेंतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदु प्रमाणानुसार किमान २०५ अंश सेंटिग्रेड असावा लागतो. परंतु त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी मुरलें कीं तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठीं हेच आंकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे जुना द्रव आणि तापलेला कॅलिपर यांची गांठ पडली कीं द्रवांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र सहज दाबली जाते. पेडल तळाला टेकतें आणि गाडी पुढें जात राहते. शिवाय उष्णतेनें पॅडची पकड मंदावते, चकतीला तडे जातात आणि चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीस पातळ होऊन वाहून जातें.

सुदैवानें हा दोष आपली चाहूल आधीं देतो. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते. उतरून पाहिलें तर एका चाकाजवळ करपट वास येतो, त्या चाकाच्या रिमवर काळी भुकटी अधिक जमलेली असते. सपाटीवर गिअर काढून टाकला असतां गाडी पूर्वींइतकी घरंगळत नाहीं. पांचसहा किलोमीटर शक्यतों ब्रेक न लावतां चालविल्यावर दोन्ही पुढच्या चाकांची उष्णता ताडून पाहावी. हात लावूं नये, कारण चकती भाजण्याइतकी तापलेली असूं शकते. हात दोन इंचांवर धरूनही फरक कळतो, आणि दुरून तापमान मोजणारें उपकरण असेल तर उत्तमच. पॅड काढल्यावर आंतला पॅड बाहेरच्यापेक्षां फार झिजलेला दिसला तर दट्ट्या किंवा पिना अडकल्या आहेत असें समजावें. पॅड तिरपा झिजला असेल तर संशय प्रथम पिनांवर घ्यावा.

कॅलिपर विकत आणण्यापूर्वीं दोष नेमका कोठें आहे याची खात्री करणें अवश्य आहे. दोन्ही पुढचीं चाकें सारखींच जड फिरत असतील तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरकडे असतो. एकच चाक अडकलें असेल तर तें जमिनीवरून उचलून, पेडल दाबून सोडावें आणि हातानें फिरवून पाहावें. तें जड असतांनाच कॅलिपरवरील ब्लीडर, म्हणजे हवा काढण्याचा लहान स्क्रू, किंचित् सैल करावा. द्रवाची चिळकांडी उडून चाक मोकळें झालें तर आंत दाब कोंडलेला होता. मग नळी जेथें लोखंडी नळीला जोडलेली असते तो वरचा सांधा त्याच रीतीनें तपासावा. वरचा सांधा सैल करूनही चाक सुटलें नाहीं, पण ब्लीडर उघडतांच सुटलें, तर दोष रबरी नळीचा. ब्लीडर उघडूनही चाक अडकलेलेंच राहिलें, तर दट्ट्या, पिना किंवा पॅड अडकले आहेत. पिना हातानें सरकत असतील, पॅड आपल्या खांचांत मोकळे असतील आणि दट्ट्या मात्र मागें रेटतां येत नसेल, तर कॅलिपर बदलण्यास कारण झालें. पुष्कळ कारागीर दट्ट्या शिकंज्यानें मागें दाबतात, गाडी त्या दिवशीं सुटते आणि काम झालें असें समजलें जातें. गंज मात्र जागच्या जागींच असतो. कांहीं दिवसांनीं दोष परततो.

सील आणि टोपी यांची जोडणी बाजारांत मिळते व कुशल मिस्त्री जुना कॅलिपर उघडून ती बसवितो. दट्ट्याला आणि नळकांड्याला गंजाचे खड्डे पडले नसतील तर ही दुरुस्ती योग्य आहे. घरगुती दुरुस्तींत मात्र सबंध कॅलिपर बदलणें अधिक निर्धोक, कारण त्यांत आंतील सूक्ष्म भाग उघडावे लागत नाहींत. त्याबरोबर दोन्ही बाजूंचे पॅड, नळीच्या सांध्याच्या नव्या तांब्याच्या वॉशर, पिनांचें ग्रीस आणि गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा आणावा. नळी जुनी झाली असेल तर तीही याच वेळीं बदलावी. पॅड एकाच बाजूचे कधींही बदलूं नयेत. दोन चाकांची पकड असमान झाली तर जोराचा ब्रेक लावतांना गाडी फिरते.

काम सपाट आणि कठीण जमिनीवरच करावें. पुढचें चाक काढावयाचें असल्यानें मागच्या चाकांना पुढून-मागून लांकडी ठोकळे लावावे, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्यें ठेवावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. मग पुस्तिकेंत दाखविलेल्या ठिकाणीं जॅक लावून गाडी उचलावी आणि सांगाड्याखालीं लोखंडी स्टॅण्ड ठेवून तिचा भार त्यावर उतरवावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात किंवा डोकें घालणें म्हणजे प्राणाशीं खेळ आहे. विटा किंवा दगड रचून स्टॅण्डचें काम भागविणेंही तितकेंच घातक. वीट भार पडतां पडतां पूर्वसूचनेशिवाय फुटते. पॅडची भुकटी तोंडानें किंवा हवेच्या पंपानें उडवूं नये. जुन्या पॅडमध्यें अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे. ओल्या फडक्यानें किंवा ब्रेकसाठींच मिळणाऱ्या द्रावणानें ती पुसावी.

चाक निघाल्यावर सुकाणू फिरवून कॅलिपर हाताशीं येईल असा करावा. रबरी नळी कोणत्या वळणानें आली आहे हें नीट पाहून ठेवावें. एक छायाचित्र घेतलें तर पुढें वाद उरत नाहीं. नळीचा बोल्ट, कॅलिपर आपल्या जागीं घट्ट असतांनाच, नुसता ढिला करून ठेवावा. पुढें सुटा कॅलिपर हातांत धरून तो सोडविणें अवघड जातें. गंजलेल्या बोल्टांना गंज सोडविणारें तेल देऊन थोडा वेळ वाट पाहावी. घाईनें जोर लावून मोडलेला बोल्ट अर्ध्या दिवसाचें काम तीन दिवसांचें करतो. त्यानंतर पिनांचे बोल्ट काढून कॅलिपर उचलावा. तो नळीवर लोंबकळूं देऊं नये. तारेनें वरती बांधावा. नळीला पक्कडीनें चिमटा घेऊन द्रव अडविण्याची चाल सर्वत्र दिसते, पण तिनें नळीचा आंतला थर फाटतो आणि वर वर्णिलेला झडपेचा दोष आपल्याच हातानें निर्माण होतो. नळी सुटी करतांना तिचें तोंड स्वच्छ रबरी टोपीनें झांकावें आणि इंजिनाजवळच्या डब्यांतील द्रव तळाला जाणार नाहीं याकडे लक्ष ठेवावें.

आतां चकती पाहावी. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून ती पातळ झाली असेल, तिच्यावर तडे असतील किंवा उष्णतेनें निळे डाग पडून पृष्ठभाग खडबडीत झाला असेल, तर चकतीही बदलणें भाग आहे. नव्या चकतीवर गंज न चढावा म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो; तो पूर्णपणें पुसल्यावांचून ती वापरूं नये. बैठकीवरील गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशानें साफ करावे. या साध्या कामांत आळस झाला तर नवा पॅडही आठवड्याभरांत अडकतो. पिनांना ब्रेकसाठीं तयार केलेलें सिलिकोन किंवा तत्सम ग्रीस लावावें. साधें खनिज ग्रीस येथें वर्ज्य आहे, कारण त्यानें रबर फुगतें. पॅडच्या दर्शनी भागाला ग्रीसचा किंवा तेलकट बोटाचा स्पर्शही होऊं देऊं नये.

नवा कॅलिपर बसविण्यापूर्वीं तो जुन्याच्या शेजारीं ठेवून ताडून पाहावा. डावा आणि उजवा कॅलिपर दिसण्यांत जुळ्या भावांसारखे असतात. ओळखण्याची खूण एकच : जागेवर बसल्यावर ब्लीडर वरच्या टोंकाला आला पाहिजे. बाजू चुकली तर तो खालीं जातो. हवा नेहमीं वर जमते. मग कितीही द्रव काढला तरी ती निघत नाहीं आणि पेडल मऊच राहतें. पॅड त्यांच्या नव्या पत्र्यांसह बसवावे, कॅलिपर त्यांवर चढवावा आणि बोल्ट पुस्तिकेंत दिलेल्या मापाप्रमाणें टॉर्क-पान्यानें आवळावे. कमी आवळलेला बोल्ट निघून पडतो, अति आवळलेला आंतून ताणला जातो. अंदाज हा येथें मोजमापाची जागा घेऊं शकत नाहीं. नळीच्या सांध्यावर बोल्टच्या दोन्ही अंगांना नव्या तांब्याच्या वॉशर घालाव्या. मऊ तांबें दाबलें जाऊन सांधा बंद करतें. एकदां दाबलेली वॉशर पुन्हां तितकी विश्वसनीय राहत नाहीं. नळीला पीळ पडलेला नाहीं आणि सुकाणू दोन्ही टोंकांना फिरविल्यावर ती चाकाला घासत नाहीं, हेंही पाहावें.

यानंतर हवा काढण्याचें काम. त्यासाठीं एक मदतनीस हवा. घरांतील कोणीही शांतपणें सूचना पाळणारें माणूस चालतें. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक थोडा द्रव असलेल्या बाटलींत बुडवावें. मदतनीसानें पेडल सावकाश दाबून धरावें. मग स्क्रू उघडावा. बुडबुड्यांसह द्रव बाहेर येतो. स्क्रू बंद करावा. आणि बंद झाल्याचें सांगितल्यावरच मदतनीसानें पाय उचलावा. हा क्रम उलटला तर हवा बाहेर जाण्याऐवजीं आंत ओढली जाते. जुन्या गाडींत पेडल अगदीं तळापर्यंत दाबूं नये; मास्टर सिलिंडरचीं सीलें नेहमींच्या मर्यादेपलीकडे, गंजलेल्या भागावरून घासून फाटूं शकतात. पेडलखालीं लांकडाचा तुकडा ठेवल्यास हें टळतें. बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत हें चालूं ठेवावें, आणि मधून मधून डब्यांतील द्रव भरीत राहावें; डबा रिकामा झाला तर सर्व मेहनत पहिल्यापासून. सांडलेला द्रव गाडीचा रंग खातो, म्हणून तो लगेच पाण्यानें धुवावा. तो विषारी असल्यामुळें मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा, आणि वापरलेला द्रव गटारांत न ओततां गॅरेजांत जमा करण्यास द्यावा.

चाक बसवून, नट एकाआड एक समोरासमोरचे आवळून गाडी खालीं उतरविल्यावर लगेच ती हलवूं नये. नव्या कॅलिपरचा दट्ट्या अजून मागेंच असतो. पेडल आठदहा वेळां दाबून तें कठीण लागेपर्यंत थांबावें. हें विसरल्यामुळें दुरुस्त केलेली गाडी घराच्या फाटकावरच आदळण्याचा प्रसंग येतो. इंजिन बंद असतांना पेडल जोरानें अर्धा मिनिट दाबून धरावें आणि तें हळूहळू खचतें कां पाहावें. सांध्यांवर कोरडें फडकें फिरवून ओल लागते कां हेंही तपासावें. मग मोकळ्या रस्त्यावर चालण्याच्या वेगानें पहिली चांचणी, त्यानंतर तासाला २०-३० किलोमीटरांवर दुसरी. पांचसहा किलोमीटरांनंतर दोन्ही चाकांची उष्णता पुन्हां ताडावी. ती सारखी आढळली तरच काम साधलें. पुढील शंभर किलोमीटरांच्या आंत चाकांचे नट एकदां पुन्हां तपासावे आणि नवे पॅड चकतीशीं जुळेपर्यंत भरलेली गाडी घाटांत नेऊं नये.

घरीं करावयाच्या कामाला सीमाही आहे. लोखंडी नळी गंजलेली असेल, ब्लीडर मोडला असेल, बैठकीच्या बोल्टाचे आटे गेले असतील, तर काम तेथेंच थांबवून मिस्त्रीला बोलवावें. एबीएस असलेल्या गाडींत त्या यंत्राच्या पेटींत हवा शिरली तर कांहीं बनावटींत ती काढण्यास संगणकीय उपकरण लागतें. तेथें घरगुती उपाय चालत नाहीं. सर्व करूनही पेडल मऊ राहिलें, तर "चालेल, हळू हळू बसेल" असें म्हणून गाडी बाहेर काढण्याचा मोह आवरला पाहिजे. रस्त्यावर चालकाबरोबर इतरही लोक असतात, आणि त्यांना त्या गाडीच्या ब्रेकची कांहींच कल्पना नसते.

जो मालक स्वतः पाना हातीं घेणार नाहीं, त्यालाही हें ज्ञान निरुपयोगी नाहीं. ब्रेक धरतो म्हणून गाडी गॅरेजमध्यें नेली असतां मिस्त्रीनें नुसता दट्ट्या मागें दाबला कीं नळी आणि पिना तपासल्या, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले कीं एकाच, डब्यांतील काळवंडलेला द्रव तसाच राहिला कीं नवा भरला, हें त्याला विचारतां येईल. साधारणपणें दोन वर्षांनीं द्रव बदलणें, पॅड बदलतांना प्रत्येक वेळीं पिना साफ करून ग्रीस लावणें आणि पावसाळा संपल्यावर रबरी टोप्या फाटल्या आहेत कां हें पाहणें, एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या तर कॅलिपर पुष्कळ वर्षें चालतो. भरलेली गाडी घेऊन घाट उतरण्याच्या आधीं वरच्या नाक्यावर पांच मिनिटें थांबून चारी चाकांजवळ एक फेरी मारावी. एखादें चाक इतरांहून अधिक तापलेलें असेल, तर तें तेथेंच कळेल. आणि तेथें कळणें हें उताराच्या मध्यावर कळण्यापेक्षां केव्हांही चांगलें.